एका आईचं रक्त

रमिलाबाईला रक्ताचं भय नव्हतं. डोंगरातल्या बाईला ते परवडतही नाही. विळा बोटावर येतो, शेळी अडते, पाहुणा आला की कोंबडं कापावं लागतं. रक्त म्हणजे तांबडं पाणी, वर मूठभर माती टाकली की मिटलं, एवढीच तिची आणि रक्ताची ओळख. पण लोणखेड्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात कामिनी डॉक्टर म्हणाल्या की रक्तात पांढरंही असतं आणि तेच कधी कधी जास्त होतं, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, जन्मभर आपण नुसतं वरचंच पाहिलं.

ती आली होती नवऱ्याच्या डोळ्यासाठी. दलसिंगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजव्यावर तर दुधावर साय धरावी तसा. समोरचा माणूस त्याला आवाजानं कळायचा आणि डोंगर आठवणीनं. होळी झाली की शिबिरात डोळ्याचे मोठे डॉक्टर यायचे होते, आणि त्याआधी रक्त तपासायचा नियम होता.

"बाबांना मध्ये ताप-खोकला झाला होता का?" डॉक्टरांनी कागदावरून मान वर करत विचारलं.

"साऱ्या पाड्याला झाला होता," रमिलाबाई म्हणाली. "कुत्री पण खोकत होती."

डॉक्टर हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी दोघांना समजेल असं सांगायला घेतलं. "पांढऱ्या पेशींत एक जात असते, लिम्फोसाइट म्हणतात. ही वयस्क माणसात वाढलेली दिसली की घाबरायचं नसतं, पण विसरायचंही नसतं. हे बघा, पाड्यावर माणसं कधी वाढतात? लग्न असलं की. दहा गावचे पाहुणे येतात, जेवतात, नाचतात, जातात. ताप-खोकल्यात या पेशी तशाच येतात आणि तशाच जातात. बाबांचं बहुतेक तेच असणार."

"आणि नाही गेल्या तर?"

"तर मग त्या पाहुण्या नाहीत. एकाच आईची पोरं, सगळी एका तोंडवळ्याची, घरात वाढतच जातात. कुणी मरत नाही, कुणी काम करत नाही. मग घरच्यांनाच जागा उरत नाही."

दलसिंग इतका वेळ भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. तो म्हणाला, "एका आईची असली तर चांगलंच की. भाऊ-भाऊ भांडणार नाहीत."

"इथे उलटं आहे, बाबा. इथे वेगवेगळ्या घरची असलेली बरी." डॉक्टरांनी त्याच्या गळ्याशी, काखेत, पोटाच्या डाव्या अंगाला बोटं दाबून पाहिलं. "गाठ लागत नाही कुठे. पण रक्त परत बघायचं. वाढलेलंच राहिलं तर नमुना मोठ्या शहरात पाठवू, तिथल्या यंत्रात कळतं, एका आईच्या की अनेक घरच्या. आणि तसं निघालं तरी रडत बसू नका. कितीतरी म्हातारी माणसं हे अंगात घेऊन वर्षानुवर्षं जगतात, गोळीसुद्धा लागत नाही. नुसती नजर ठेवायची. मात्र दुसरा रिपोर्ट हातात आल्याशिवाय डोळ्याचे डॉक्टर टेबलावर घेणार नाहीत."

पायथ्याच्या उपकेंद्रात बाजाराच्या दिवशी पवन नावाचा लॅबवाला यायचा. त्याच्याकडे रक्त द्यायचं ठरलं, महिन्यानंतरच्या बाजाराला.

परतीच्या जीपमध्ये, बकऱ्यांच्या आणि कांद्याच्या पोत्यांच्या मधे बसून, दलसिंगनं बोटांवर चांद मोजला आणि म्हणाला, "जमणार नाही. मी पाळणीत असेन."

*

सातपुड्यातली होळी ज्यानं पाहिली नाही त्याला पाळणी काय सांगावी! ज्यानं नवस केला तो पुरुष होळीआधी घर सोडतो, घरात राहून घराबाहेरचा होतो. खाटेवर बसायचं नाही, पायात घालायचं नाही, अंघोळ नाही, बायकोच्या हातचं नाही, बायकोचा पदरसुद्धा लागू द्यायचा नाही. आपली भाकर आपण थापायची. अंगाला राख, त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळक्या भोपळ्यांच्या तुंब्यांची माळ आणि घुंगरं. असा तो बुध्या होऊन नाचतो. बरोबरच्या नाचणाऱ्यांना लोक हसतात, पण बुध्याला हात कुणी लावत नाही.

दलसिंगच्या घराण्यात आणखी एक अट होती. पाळणीत अंगातून रक्ताचा थेंब पडता कामा नये. काटा मोडला तरी काढायचा नाही. थेंब पडला की पाळणी मोडली, आणि मोडली की ती नाचणाऱ्यावर येत नाही. ज्याच्यासाठी धरली त्याच्यावर येते.

ती धरली होती धाकट्या भावासाठी. फत्तेसिंग ताडावरून पडला होता, कमरेत आणि डोक्यात मार. चांद भरून ओसरला तरी तोंडातून शब्द नव्हता, डोळे उघडे आणि आत कुणी नाही. तेव्हा दलसिंगनं होळीच्या राखेत हात घालून शब्द दिला होता. फत्तेसिंग उठला, बोलला, पुन्हा ढोल वाजवायला लागला. आता नवसाचं शेवटचं वर्ष होतं.

"सुईच ती," रमिलाबाई म्हणाली. "मुंगी चावल्यासारखी."

"मुंगीला मी बोलावत नाही."

"डोळा जाईल."

"जाऊ दे. डोळ्यानं काय पाहायचं उरलंय? तुझं तोंड पाठ आहे मला."

"तरणं तोंड पाठ आहे. आताचं बघशील तर पळून जाशील."

तो हसला, पण हलला नाही. दलसिंगचा नकार डोंगरासारखा असायचा. त्याला वळसा घालूनच जावं लागे. रमिलाबाईनं चूल फुंकता फुंकता तो वळसा शोधला. काही वर्षांमागे पाड्यावर सिकलसेलची तपासणी झाली होती. आशाताई सुनितानं झाडाखाली मोठा रंगीत फलक लावून सगळ्यांना समजावलं होतं, रक्तातलं हे दुखणं आईबापाकडून पोरांत येतं, ज्याला निघेल त्याच्या भावाबहिणींनीही तपासून घ्या. बायकांना ते सोळा आणे पटलं होतं. त्यात नवं काय होतं? एका आईचं दूध, एका बापाचं रक्त. वेल एक, तुंबे दोन.

*

फत्तेसिंग कळसाडीला एका शेतकऱ्याच्या उसावर राखणीला असायचा. बायको गेली, मूल झालं नाही, त्यामुळे कुठेही पोतं टाकलं की त्याचं घर. होळीसाठी तो वर आला होता आणि ओढ्याकाठी बसून ढोलाची वादी आवळत होता. रमिलाबाई नवरी होऊन आली तेव्हा हा शेंबडं नाक घेऊन तिच्या घोंगडीत शिरून झोपायचा. तेव्हापासून त्यांची थट्टा चालू होती, ती केस पिकले तरी थांबली नव्हती.

"मालकानं उपाशी ठेवलं वाटतं," ती त्याच्या बरगड्या बघत म्हणाली. "शर्ट काठीला घातल्यासारखा दिसतोय."

"भाभी, ऊस गोड होतो तो राखणाऱ्याच्या अंगातलं ओढून. पोट मात्र बघ, टम्म आहे. दोन घास खाल्ले की भरतं. म्हातारपणी स्वस्तात पडतोय मी."

तिनं काम सांगितलं. तो ऐकत राहिला, वादीचं टोक दातात धरून.

"म्हणजे मी दलसिंग व्हायचं."

"घटकाभर. अंगठा द्यायचा आणि हात पुढे करायचा. तुमचं दोघांचं रक्त एकच."

"एक कसं? माझ्यात निम्मी मोहाची आहे. ती डॉक्टरीण नुसत्या वासानं झिंगेल. मग तुझ्या नवऱ्याचं नाव बदनाम." ओढ्यात एक पिवळं पान फिरत होतं, ते दगडाला लागेपर्यंत त्यानं पाहिलं. "त्यानं माझ्यासाठी राखेत झोप काढली, भाभी. मी काय एक कुपी देणार नाही? पण त्याला सांगू नको. तो डोळ्यानं आंधळा आहे, कानानं नाही."

बाजाराच्या दिवशी दोघं खाली उतरली. उतारच होता, तरी फत्तेसिंग दोनदा बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, फाल्गुनातल्या सकाळी.

उपकेंद्राच्या ओट्यावर पवननं पेटी उघडली होती. शिंदखेड्याकडचा पोरगेला माणूस, तोंडात सदा गुळासारखी अहिराणी.

"नाव काय शे बाबा?"

"दलसिंग," फत्तेसिंग म्हणाला.

"बराबर? दलसिंगच ना?" यादीत बघत पवननं परत विचारलं.

"जन्मापासून," फत्तेसिंग म्हणाला, आणि रमिलाबाईनं हसू लपवायला पदर तोंडात घेतला.

"हात ढिला सोड. तुन्हा हात शे का लाकूड? घाबरू नको, मी रोजना शंभर लोकेसले टोचस."

सुई आत गेली. काळपट तांबडं नळीत चढलं. रमिलाबाईनं त्याचं ध्यान दुसरीकडे जावं म्हणून लग्नातली ओवी पुटपुटली, दोन भाऊ एका मांडवात बसले की बायका म्हणतात ती:

"एका वेलीचे दोन तुंबे, एक हलका, एक जड,
वेलीला गं काय पुसता, कुणाची गं किती ओढ?"

"मी हलका," फत्तेसिंग म्हणाला. "लिहून घे रे पवनभाऊ."

सुई काढली, कापूस लावला. कापूस भरला. दुसरा लावला, तोही भरला. पवननं अंगठा दाबून धरला आणि कपाळाला आठी घातली. "रक्त पातळ व्हयेल शे का बाबा? काही गोळी चालू शे?" गोळी कसली चालू असणार! रमिलाबाईनं लुगड्याची कड फाडून घट्ट बांधली. डोंगर चढताना ती चिंधी भिजून दोनदा बदलावी लागली, आणि पाड्यावर पोचेतो त्याच्या कोपराच्या आत जांभळासारखा डाग पसरला होता.

"एवढं दिलं तुझ्या नवऱ्यासाठी," तो म्हणाला. "आता होळीला मला मोहाची पहिली धार."

*

होळीच्या सकाळी, आग बसल्यावर, अजून धुगधुगणाऱ्या राखेभोवती दलसिंग शेवटचा फेर नाचला. आंधळ्या माणसाला फेर चुकत नव्हता, कारण त्याचे पाय डोळ्यांवर नव्हे, ढोलावर चालत होते. तुंबे वाजत होते, घुंगरं वाजत होती, आणि मधेच ढोल थांबला.

क्षणभरच. दुसऱ्या कुणीतरी टिपरी उचलली, फेर पुढे गेला. पण दलसिंगचा एक पाय हवेत राहिला होता. तो तसाच उभा राहून म्हणाला, "हा फत्याचा हात नव्हे."

फत्तेसिंग मोहाच्या बुंध्याला टेकून बसला होता, तोंड उघडं, मासा काढून ठेवावा तसा. रमिलाबाईनं पाणी दिलं. "दम लागला," तो म्हणाला. "वय झालं की गं भाभी. आधी कोण म्हातारं होतं अशी पैज होती, मी जिंकलो." दोन दिवसांनी तो कळसाडीला परत गेला. जाताना दलसिंगनं राख धुतलेल्या हातांनी त्याचं तोंड चाचपलं. गालावर, जबड्याखाली, मानेवर. मानेशी हात थांबला. "हे काय? चिंचोके भरलेत का गळ्यात?"

"दाढ दुखते," फत्तेसिंग म्हणाला आणि निघाला.

मग सुनिता धावत वर आली. डॉक्टरांचा निरोप होता, दलसिंगला घेऊन लगेच या, उद्यावर टाकू नका.

कामिनी डॉक्टरांच्या टेबलावर काच होती आणि दुर्बीण होती. त्यांचा चेहरा मागच्या वेळचा नव्हता. त्यांनी दलसिंगला झोपवून मान, काखा, जांघा पुन्हा पुन्हा दाबल्या. पापणी ओढून लाली पाहिली. पोटात प्लीहा शोधली. आणि जितकं शोधत गेल्या तितक्या गोंधळत गेल्या.

"जेवण जातं?"

"दोन भाकरी," दलसिंग म्हणाला. "तिसरी ही देत नाही."

"घाम? वजन?"

"काही नाही."

डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या रमिलाबाईकडे वळल्या. "या कागदात पांढऱ्या पेशी असाव्यात त्याच्या कितीतरी पट आहेत. जवळजवळ सगळ्या त्याच एका जातीच्या. मी स्वतः काच पाहिली. पुसलेल्या टिकल्यांसारख्या फुटक्या पेशी पसरल्यात सगळीकडे. तांबडं रक्त निम्म्यावर आलंय, रक्त गोठवणाऱ्या पेशी तर नावाला. असा माणूस दोन भाकऱ्या खात नाही. असा माणूस डोंगर चढत नाही."

रमिलाबाईला आठवलं. दोन घास खाल्ले की भरतं. शर्ट काठीला घातलेला. चिंधी भिजून बदललेली. चिंचोके. एकेक गोष्ट तिच्यापुढे येऊन बसली, मयताच्या घरी बायका येऊन बसतात तशी, न बोलता.

आणि ती बोलली नाही.

का नाही बोलली, हे तिला नंतर कुणी विचारलं नाही, पण तिनं स्वतःला विचारलं. दलसिंग शेजारी झोपला होता. सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की पाळणीच्या दिवसांत त्याच्या नावानं सुई टोचली गेली. डॉक्टर चिडल्या असत्या, डोळा गेला असता. आणि खरं म्हणजे, जे तोंडातून बाहेर पडत नाही ते अजून झालेलं नसतं, असं तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं. डॉक्टरांनी दलसिंगचं रक्त तिथंच पुन्हा घेतलं. खात्री करू, म्हणाल्या, काही दिवस लागतील. रमिलाबाईनं मनाशी ठरवलं, याचं रक्त चांगलं निघू दे, डोळा पक्का होऊ दे, मग सांगू. फत्तेसिंग काय, चालता-बोलता आहे.

घरी येऊन तिनं टेकडीवर चढून, जिथं रेंज येते त्या दगडावर उभं राहून, सुनिताकडून त्याला फोन लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. तिनं शेण काढलं, पाणी भरलं, मोहाची फुलं वेचली. फुलं वेचताना ओवी आपोआप ओठांवर यायची आणि पहिल्या ओळीवर थांबायची. हलका, जड. हलका, जड.

*

निकालाच्या दिवशी कामिनी डॉक्टर आधी हसल्या आणि मग भडकल्या.

"बाबा, तुमचं रक्त अगदी स्वच्छ आहे. पाहुणे आले होते, गेले. डोळा करून घ्या खुशाल." मग दाराकडे बघून त्यांनी हाक मारली, "पवन!"

पवन आत आला, टोपी हातात.

"हे काय आहे? कुणाची नळी कुणाच्या नावावर लावलीस? मी या माणसाला मरणाची बातमी देणार होते. आणि जो खरा आजारी आहे तो कुठे आहे? त्या दिवशीच्या यादीतल्या कुणाच्या तरी अंगात हे आहे आणि त्याला माहीत नाही!"

"मॅडम, मन्ही चूक नही शे. मी नाव दोनदा इचारं."

"मग नळीला पाय फुटले?"

"मॅडम, मन्ही माय मरी जावो..."

"आईच्या शपथा नकोत. उद्यापासून येऊ नकोस."

पवन दाराकडे वळला. रमिलाबाईनं ते पाहिलं. तिनं दलसिंगकडे पाहिलं. त्याच्या पिकल्या डोळ्यांत खिडकीचा उजेड पांढरा होऊन पडला होता, आणि तो हसत होता, डोळा मिळणार म्हणून.

"त्याची चूक नाही," ती म्हणाली. "ते रक्त फत्तेसिंगचं."

बाहेर कुणाचं तरी मूल सुई बघून रडत होतं.

"माझा देवर. हे पाळणीत होते. मी त्याला बसवलं. मला वाटलं, एकाच आईचे, रक्त एकच असणार."

डॉक्टर हळूच खुर्चीत टेकल्या. "बाई," त्या म्हणाल्या. पवननं टोपी घातली, पुन्हा काढली. मग डॉक्टर उठल्या. "कुठे आहे तो? आत्ताच्या आत्ता आणा."

दलसिंगचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, विसरलेल्या भांड्यासारखं. मग ते गेलं.

*

कळसाडी लांब नाही. पवननंच आपल्या मोटरसायकलवर रस्ता दाखवला, मागे दवाखान्याची गाडी. वाटेत दलसिंग तोंड बाहेर वळवून बसला. रमिलाबाई त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. त्यानं गुडघा काढून घेतला नाही, पण तो तिथं नव्हता.

उसाच्या बांधावर, पाण्याच्या मोटारीच्या खोपीत, फत्तेसिंग पोत्यावर पडला होता. शेतमालकाची बायको त्याला चहा पाजायचा प्रयत्न करत होती. "चार दिस झाले, ताप उतरत नाही," ती म्हणाली. "दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणतो, आत्ताच रक्त दिलंय, सगळं बरोबर निघालं असेल."

"निघालं का गं भाभी?" फत्तेसिंगनं डोळे न उघडता विचारलं. पावलावरून त्यानं तिला ओळखलं होतं. श्वास घेताना त्याच्या छातीत ओल्या पानांवरून चालल्यासारखा आवाज येत होता. "दादाचा डोळा होणार ना?"

"होणार," ती म्हणाली.

"मग झालं तर."

डॉक्टरांनी गाडीतच त्याला तपासलं. मान दोन्ही बाजूंनी गाठींनी भरली होती. प्लीहा बेंबीपर्यंत आली होती. ते टम्म पोट अन्नानं भरलेलं नव्हतंच. "रक्तातलं मूळ दुखणं हळू चालणारं आहे," त्या रमिलाबाईला म्हणाल्या, हलक्या आवाजात, जणू गाडीच्या आवाजात ते हरवलं तर बरं. "याला गोळ्या आहेत आता. सरकारी योजनेत बसवता आलं असतं. पण या पेशी नुसत्या गर्दी करतात, राखण करत नाहीत. फुप्फुसात ताप शिरला आणि त्याला अडवायला आत कुणी नव्हतं." त्यांनी कानातली नळी काढली. "कागद हातात आला त्या दिवशी तो माझ्यासमोर असता तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. रमिलाबाईनं ते पुरं केलं, आणि मग जन्मभर करत राहिली.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या नाकाला नळी लावली. रक्त चढवायला हवं होतं, लगेच. त्याच्या गटाचं शिल्लक नव्हतं, कुणीतरी द्यावं लागणार होतं. पवन पुढे झाला, त्याचं जुळलं नाही, तरी त्यानं बदल्यात एक पिशवी दिली आणि फत्तेसिंगच्या गटाची कुठून मिळते ते शोधायला धावला.

तेव्हा दलसिंग उठला. भिंत चाचपत, दार चाचपत तो रक्तपेढीच्या खिडकीशी गेला. सदऱ्याची बाही त्यानं खांद्यापर्यंत वर केली होती. सुकलेला, पण सरळ हात त्यानं खिडकीतून आत घातला.

"घ्या," तो म्हणाला. "किती पाहिजे तेवढं. मी त्याचा भाऊ आहे. पाळणी संपली माझी."

आतला माणूस वाईट नव्हता. त्यानं दलसिंगचा हात आपल्या हातात धरून हळूच बाहेर केला. "बाबा, तुमचं वय उलटलंय. एवढ्या वयाच्या माणसाचं आम्ही घेत नाही."

"आमचं रक्त एकच आहे."

"असलं तरी नाही घेता येत, बाबा."

"स्वच्छ आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. विचारा. अगदी स्वच्छ आहे."

रमिलाबाई मागे उभी होती. तिला त्याची बाही खाली करावीशी वाटली, पण हात उचलला नाही.

पवन पिशवी घेऊन आला. ती टांगली. थेंब पडायला लागले. दुपार कलेपर्यंत ते पडत राहिले, आणि मग नर्सनं येऊन नळीची कळ बंद केली, कारण ज्याला ते जायचे होते तो गेला होता. अर्धी पिशवी तशीच वर लटकत राहिली.

दोघं व्हरांड्यात बसली. खाली आवारात रिक्षा वाजत होत्या, कुणीतरी केळी विकत होतं. दलसिंग जमिनीवर बसला, बाकड्यावर नाही, पाळणीत बसतात तसा. बाही अजून खांद्यापर्यंतच होती. रमिलाबाई वाट बघत होती. त्यानं मारावं, शिव्या द्याव्यात, नाव टाकावं. पाड्यावरचा दुसरा कुणी असता तर टाकलं असतं.

मग तो बोलला. आवाज शांत होता, जीपमध्ये चांद मोजला होता तसा.

"त्या दिवशी पुष्कळ सांडलं का?"

"काय?"

"रक्त. त्याचं. सुई काढल्यावर."

तिला खोटं बोलावंसं वाटलं. "हो," ती म्हणाली. "थांबत नव्हतं. चिंधी दोनदा बदलली."

"जमिनीवर पडलं?"

"पडलं. ओट्यावर. मी माती टाकली."

दलसिंगनं मान हलवली. तिनं दिलेलं उत्तर त्यानं कुठेतरी आत नेऊन ठेवलं.

"तू बरोबर म्हणालीस," तो म्हणाला. "आमचं रक्त एकच. म्हणजे मी पाळणीत होतो आणि माझं सांडलं." त्यानं पिकले डोळे तिच्याकडे वळवले, जिथं तिचा आवाज होता तिथं. "मोडली ती तेव्हाच, रमिला. आणि ज्याच्यासाठी धरली होती, त्याच्यावर गेली."

तिनं तोंड उघडलं. सांगायचं होतं की तसं नाही, डॉक्टरीण म्हणाली दुखणं आधीचंच होतं, गाठी आधीच्या, घाम आधीचा, सुईचा काही संबंध नाही. उलट सुईनंच ते सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. पण हे सांगायचं तर ते दिवस सांगावे लागणार होते. तो टेबलावर झोपला होता आणि ती शेजारी गप्प उभी होती, ते. पाळणीवर पडलेला दोष तिनं तसाच पडू द्यावा, की उचलून आपल्या अंगावर घ्यावा? तिनं डोळे मिटले.

"सुईनं नाही गेला तो," ती म्हणाली. "मला त्या दिवशीच कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तुझं पोट दाबलं तेव्हाच. मी बोलले नाही."

दलसिंग ऐकत होता. मग त्यानं वर केलेली बाही हळूहळू, चाचपत, मनगटापर्यंत खाली ओढली आणि तिच्यापासून थोडा बाजूला सरकला. फार नाही. पाळणीतला पुरुष बायकोचा पदर लागू नये म्हणून सरकतो, तेवढाच.

आतून कागदावर अंगठा द्यायला कुणीतरी बोलावत होतं. "फत्तेसिंगचं कोण आहे? फत्तेसिंगचं?"

दोघंही उठली. मधे तेवढंच अंतर ठेवून ती आत गेली.